गोलकीपरचा उजवा खांदा

उपांत्य फेरीचा सामना एक-एक असा बरोबरीत सुटला, त्या रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत मी एका जागी धड बसलो नाही. मालवणच्या त्या मैदानावर दिव्यांची सोय नाही. सूर्य समुद्रात गेला, चेंडू दिसेनासा झाला, पंचांनी शिट्टी मारली आणि आयोजकांनी जाहीर केलं की आमची तोंडवली आणि वालावल पुन्हा खेळतील, पुढच्या रविवारी दुपारी साडेतीनला. बाकीचे लोक घरी गेले. मी तो सामनाच बरोबर घेऊन घरी आलो. जेवताना मध्येच उठायचो, अंगणात माडाखाली उभा राहून बोटांवर अकरा माणसं मोजायचो आणि परत येऊन थंड झालेला भात खायचो.

"तुमच्या पायाक भिंगरी लागली काय?" बायको म्हणाली. "मी तांदूळ निवडतंय, तुमी चार येळा सुपावरसून गेलास."

मी फुटबॉल खेळलेला माणूस नव्हे. नऊ वर्षं गोव्यात औषधांच्या गोदामात नोकरी केली, तिथे शेजारच्या मैदानावर रोज संध्याकाळी उभा राहून खेळ बघितला, आणि गावी परत येऊन घराच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने द्यायला लागलो. गावातल्या पोरांनी संघ काढला तेव्हा ऑफसाइड म्हणजे काय ते समजावून सांगू शकणारा मी एकटाच निघालो. एवढ्या भांडवलावर मला प्रशिक्षक केलं. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात ती मीच. पण शहाणपण डोक्यात एकदा शिरलं की निघत नाही. चार वर्षं आमचा संघ पहिल्याच फेरीत गारद व्हायचा. यंदा उपांत्य फेरीत पोचलो आणि मला अंतिम सामना इतका जवळ दिसायला लागला की हात पुढे केला तर लागेल.

त्या बरोबरीच्या सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत आमचा गोलकीपर उजव्या खांद्यावर आपटला होता. आमच्याकडे त्याला गोली म्हणतात. हा गोली माझा सख्खा मावसभाऊ, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. त्याने उजवीकडे झेप घेऊन चेंडू बाहेर काढला, मग बराच वेळ उठला नाही. उठला तेव्हा उजवा हात पोटाशी धरून उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्याच्या खांद्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याचं घर त्या खांद्यावर चालतं. तो पाग मारतो. पाग म्हणजे एकट्याने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाचे मणी लावलेलं. अर्धं जाळं डाव्या हातावर, एक टोक दातांत, आणि उजव्या हाताने असा झोका द्यायचा की जाळं पूर्ण उघडून पाण्यावर गोल पडलं पाहिजे. मी टाकलं तर ते भिजलेल्या धोतरासारखं पडतं. तो टाकतो तेव्हा किनाऱ्यावरची माणसं हातातलं काम थांबवून बघतात. घरात मावशी, बायको आणि दोन वर्षांची मुलगी. सकाळी रापणीचं मोठं जाळं ओढायला जायचं, संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी पाग मारायचा, आणि मावशीने ती मासळी दुसऱ्या दिवशी मालवणच्या बाजारात विकायची, हा त्यांचा प्रपंच.

सोमवारी मी वहीत यादी करायला बसलो. खेळाडू पंधरा, आणि धडधाकट कोण ते देवाला ठाऊक. आमच्या पुढच्या फळीतल्या पोराच्या पायात वागळीचा काटा गेला होता. वागळी ही चपटी मासळी वाळूत दबून बसते आणि तिच्यावर पाय पडला की शेपटीने डंख मारते. पाय सुजून भोपळा झाला होता आणि तो सांगत होता की बुटाचे बंद सैल केले की काम होईल. मधल्या फळीतला एक जण पर्यटकांना समुद्राखाली प्रवाळ दाखवायला घेऊन जातो. त्याचा कान फुटला होता, डावीकडून कोणी हाक मारली तर तो उजवीकडे बघायचा. एका बचावपटूला दोन पिवळी कार्डं झाली होती म्हणून तो बाहेर. दुसरा गोव्याच्या हॉटेलात आचारी, त्याला रजा मिळाली तर तो आत. तिसऱ्याच्या सासरवाडीची जत्रा नेमकी त्याच रविवारी, आणि जावई गेला नाही तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल असं तो मला कळवळून सांगत होता. मी त्याच्यावर इतका ओरडलो की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

यादीत पहिल्या ओळीवर मी गोलीचं नाव लिहिलं होतं. त्याच्यापुढे काही लिहिलं नाही, बरं की दुखतंय. बाकी सगळ्यांपुढे लिहिलं.

मोबाइलवर आमच्या संघाचा ग्रुप आहे. त्यावर मी टाकलं की ज्याला कोणाला दुखतंय त्याने आताच सांगावं, मैदानावर उतरल्यावर तोंड वाकडं करू नये. संध्याकाळपर्यंत पंधराही जणांचे अंगठे आले. वागळीवाल्याने दोन अंगठे पाठवले. गोलीचा अंगठा सगळ्यात शेवटी आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, या बाबतीत आमचा अख्खा संघ एकमताचा.

बुधवारी सकाळी रापणीला गेलो. रापण म्हणजे होडीतून मोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. तीस-चाळीस माणसं लागतात, कधी जास्त. आणि रापणीची रीत अशी की दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळतो. कोणी किती ओढलं हे कोणी बघत नाही. गुडघे गेलेले म्हातारे येतात, तापातून उठलेली बाई येते, आदल्या दिवशी जास्त झालेला गडी येतो. सगळे दोराला हात लावतात आणि रापणीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, वाटे घालतो तेव्हा सगळ्यांच्या टोपल्यांत मासळी पडते. माझ्या घरी उतरलेले पुण्याचे पाहुणे फोटोपुरता दोर धरतात, त्यांनाही चार बांगडे मिळतात. शेजारच्याच्या हाताकडे बघणं आमच्याकडे अत्यंत वाईट दिसतं. लहानपणी मी एकदा बघून बोललो होतो, "हे आजोबा नुसतेच उभे आहेत." माझ्या वडिलांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीत धपाटा घातला होता. पुढे बघून ओढायचं, एवढंच शिकवलेलं.

गोली नेहमी दोराच्या पुढच्या टोकाला असतो, गुडघाभर पाण्यात, दोराच्या उजव्या अंगाला. त्या दिवशी तो पार मागच्या बाजूला होता, कोरड्या वाळूत, आणि डाव्या अंगाला. मी त्याच्या मागेच होतो. दोर ताणला की सगळ्यांच्या दंडांच्या शिरा फुगत होत्या. त्याच्या डाव्या हाताच्या फुगत होत्या. उजवा हात दोरावर ठेवलेला होता, बोटं नीट वळवून, जसा कोणी देवळात खांबाला हात लावून उभा राहतो तसा. दोर त्या बोटांतून सरकत होता.

मी बघितलं. मग धपाटा आठवल्यासारखी मान खाली घातली आणि ओढायला लागलो. माझ्या पलीकडे आमचा दुसरा गोलकीपर होता. हा त्रेचाळीस वर्षांचा रिक्षावाला, पोट सुटलेला, चष्मा काढला की चेंडू आणि चंद्र यांत फरक न कळणारा, आणि बोलायला लागला की मालवणपासून आचऱ्यापर्यंत तोंड बंद न करणारा. त्या सकाळी तोही एकदम गप्प होता. अळीमिळी गुपचिळी.

मासळी चांगली लागली होती. तांडेलाने वाटे घातले. गोलीने आपली टोपली डाव्या हाताने उचलली आणि माझ्याकडे बघून हसला. "दादा, रयवारी बघ तू, एक बॉल जावक देवचंय नाय," तो म्हणाला.

"बरा," मी म्हणालो.

एवढंच बोललो. आज मला स्वतःचीच चीड येते. तोंड उघडायला काय जात होतं? पण मी तेव्हा मनात हिशेब मांडला होता. खांदा मुरगळला असेल, चार दिवस आहेत, उतरेल. दुखत असतं तर तो बोलला असता, लहान का आहे तो? आणि तळाशी, सगळ्यांच्या खाली, हे होतं की रिक्षावाल्याला गोलात उभं करून आम्ही जिंकणार नाही. हे मला स्वच्छ माहीत होतं. म्हणून बाकी सगळं मी गढूळ ठेवलं.

गुरुवारी मी वालावलला गेलो. बायकोला सांगितलं, लक्ष्मीनारायणाचं दर्शन घेऊन येतो. ती म्हणाली, "देवाक तरी खरा सांगा." मोटारसायकलने सव्वा तास. दर्शन खरंच घेतलं, तळ्याच्या काठी पाच मिनिटं बसलो, आणि मग विचारत विचारत त्यांच्या सरावाच्या जागेवर गेलो. भात कापून झालेल्या मळ्यात त्यांनी दोन बांबू रोवून गोल केला होता. मी काजूच्या झाडाआड उभा राहून कोण लंगडतंय ते बघायला लागलो. हेर म्हणून माझी लायकी अशी की दोनच मिनिटांत त्यांच्या प्रशिक्षकाने मला ओळखलं आणि हाक मारली.

"येवा, येवा! झाडाआड कित्याक? हयसर सावळेक बसा."

प्रशिक्षक म्हणजे साठीचा शेतकरी माणूस, डोक्याला पंचा, पायात काही नाही. त्यांनी मला गुळाचा खडा आणि पाणी दिलं आणि विचारायच्या आधीच आपली सगळी पानं उघडी करून ठेवली. त्यांचा सगळ्यात जोरात पळणारा गडी बांधावर बसला होता, गुडघ्याला पट्टी. "ह्यो खेळणा नाय रयवारी," ते म्हणाले. "गुडघो धरलो. म्हणत होतो खेळतंय. मी म्हटलंय, खरा सांग, दुखता काय? रडलो मेलो. मगे म्हटलंय, बस. पावसात नांगर कोण धरतलो तुझो?"

मला आनंद झाला. हे कबूल करायला हवं. त्यांचा सगळ्यात चांगला गडी बाहेर, हे ऐकून माझ्या पोटात गूळ न खाताच गोड झालं. मग त्यांनी माझ्याकडे बघून अगदी सहज विचारलं, "तुमचो गोली कसो आसा? त्या दिशी वायट पडललो."

त्या अख्ख्या आठवड्यात तो प्रश्न विचारणारा तो एकच माणूस. आमच्या गावचा नव्हे, आमच्या रापणीचा नव्हे, उलट आमच्याविरुद्ध खेळणारा.

"बरो आसा," मी म्हणालो. "काय एक झाला नाय तेका."

"बरा झाला," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं.

येताना मोटारसायकल मी इतकी जोरात हाणली की कुडाळच्या अलीकडे एका एसटीवाल्याने खिडकीतून डोकं काढून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हा कुठे वेग कमी केला.

शुक्रवारी दुपारी मावशीकडे गेलो. का गेलो ते मला घरातून निघताना माहीत होतं आणि तिच्या उंबऱ्यावर पोचेपर्यंत ते मी विसरायचं ठरवलं होतं. मावसभाऊ घरी नव्हता. पाग पडवीत खुंटीला टांगलेला, कोरडा. चार दिवस पाण्यात गेला नव्हता तो. घरात पाऊल टाकलं तर उंडेलाचा वास आला. उंडीच्या बियांचं ते कडू तेल आमच्याकडे मुरगळलं, लचकलं, सांधा धरला की चोळतात. त्याचा वास आठवडाभर भिंतीतून जात नाही. खिडकीत बाटली होती, अर्ध्याच्या वर संपलेली.

मावशी बाजारातून येऊन पाय पसरून बसली होती. सून चहा करायला आत गेली. त्यांची छोटी माझ्या मांडीवर येऊन बसली आणि माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं.

"कशी आसस, मावशे?"

"आसंय. तू सांग. झोप लागता काय तुका? तोंड बघ तुझा."

मी हसलो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने खिडकीतल्या त्या बाटलीकडे बघितलं, आणि परत माझ्याकडे. तिच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. ती म्हणाली, "रयवारी तो तुझ्या हातात आसा रे. तू आसस म्हणान माका काळजी नाय."

"होय गो," मी म्हणालो.

चहा आला. चहाला सुद्धा उंडेलाचा वास येतोय असं मला वाटत राहिलं. मी तो संपवला, छोटीकडून पेन परत घेतलं आणि निघालो. त्याच पेनाने शनिवारी मी अकरा जणांची यादी पक्की केली. रिक्षावाला राखीव. तो शनिवारी संध्याकाळी घरी आला, चष्मा पुसत पुसत म्हणाला, "माका घे म्हणान सांगूक इलंय नाय मी. पण लागलो तर मी तयार आसंय. सकाळसून वाळयेत उडये मारतंय." त्याच्या दोन्ही कोपरांना खरचटलं होतं. मी त्याला म्हटलं, गरज पडली तर बघू. तो चष्मा चढवून रिक्षात बसला आणि गेला.

रविवारी मैदानावर गेलो. जत्रेवाला जावई सासरवाडी सोडून आला होता, गोव्याचा आचारी एसटीतून उतरून तसाच धावत आला होता. कपडे बदलून सगळे गोल करून उभे राहिले. मी विचारलं, "सगळे फिट?" सगळे एका सुरात ओरडले, "फिट!" रापणीवर दोर ओढताना जसा एकत्र आवाज होतो तसाच. सगळ्यांना विचारलं म्हणजे कोणालाच विचारलं नाही, हे कळायला फार अक्कल लागत नाही. मावसभाऊ हातमोजे घालत होता. उजव्या हाताचा मोजा डाव्या हाताने चढवला आणि डाव्या हाताचा दातांनी. मी दुसरीकडे बघितलं.

सामना आम्ही जिंकलो. एक-शून्य. गोल वागळीवाल्यानेच केला, सुजलेल्या पायाने, आणि नंतर तो एका पायावर नाचला. मी काय काय ओरडलो ते मला आठवत नाही, आवाज मात्र पुढे तीन दिवस बसला होता.

शेवटची दोन मिनिटं राहिली होती. वालावलला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला आणि गोलाच्या उजव्या कोपऱ्यात वळायला लागला. मावसभाऊ उडी मारून वर गेला. डावा हात पोचणार नव्हता. त्याने उजवा वर टाकला, पूर्ण, जसा पाग मारताना टाकतो तसा, आणि बोटांनी चेंडू दांडीवरून बाहेर ढकलला. मग तो खाली पडला आणि ओरडला. चारशे माणसं ओरडत होती, त्यांत तो एक आवाज मला वेगळा ऐकू आला.

खांदा निखळला होता. जर्सीखाली हाड भलत्याच जागी उभं राहिलं होतं. रिक्षावाल्याने आधी त्याला उचलून रिक्षात घातलं आणि मग परत येऊन उरलेली दोन मिनिटं गोलात उभा राहिला, कारण दुसरं कोणी नव्हतंच. शिट्टी झाल्याबरोबर तो तसाच हातमोज्यांसह रिक्षा चालवायला बसला. मी मागे मावसभावाला धरून. वाटेत तिघांपैकी कोणी बोललं नाही. रिक्षावाला इतका गप्प दुसऱ्यांदा होता, आणि तेव्हा मला कळलं की बुधवारी त्यानेही बघितलं होतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. खांदा बसवायच्या आधी तिने विचारलं, "आधी कधी लागलं होतं का इथे? गेल्या काही दिवसांत दुखत होतं?"

मावसभावाने माझ्याकडे बघितलं. मग तिला म्हणाला, "नाही. आजच."

मी भिंतीला टेकून उभा होतो. मी तिथे बोलायला हवं होतं. नाही बोललो.

अंतिम सामना आम्ही तीन गोलांनी हरलो. कोणाला त्याचं फार वाटलं नाही, मलासुद्धा नाही. ज्याच्यासाठी आठ दिवस जिवाचा आटापिटा केला ते इतकं पोकळ निघालं की मी त्या दिवशी मैदानावरून घरी येऊन झोपलो.

त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. खांदा दोनदा परत निखळला, मग शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणतात व्यवस्थित झाली. हात खांद्याच्या रेषेपर्यंत येतो, त्याच्या वर जात नाही. पाग अजून पडवीत आहे. खाडीवर आता त्याची बायको खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढायला जाते. तो रापणीला येतो. दोर ओढत नाही, वाळूत बसून ओढलेल्या दोराची वेटोळी घालतो, डाव्या हाताने ओढून उजव्या हाताखाली. तांडेल त्याला पूर्ण वाटा देतो. त्याबद्दल कोणी कधी बोललं नाही आणि बोलणारही नाही. रीतच आहे ती.

आणि मलाही कोणी काही बोललं नाही. मावशी अजून तसाच चहा पाजते. गावात मी अजून प्रशिक्षकच आहे. माझा हात दोरावर होता हे सगळ्यांनी बघितलं, त्या हाताने किती ओढलं हे कोणी विचारलं नाही. सुरुवातीला मला त्याचं बरं वाटलं. मग हळूहळू ते अंगावर यायला लागलं. कोणीतरी भर रस्त्यात धरून विचारावं, शिव्या घालाव्यात, असं वाटायचं. बायकोला एकदा सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "माका कित्याक सांगतास? जेका सांगूचा तेका सांगा." पण ते सांगायला मला आणखी सहा महिने लागले. रोज सकाळी किनाऱ्यावर जायचो, त्याच्या बाजूने दोन फेऱ्या मारायचो आणि परत यायचो.

गेल्या आठवड्यात रापण ओढून झाली होती, मासळी थोडीच होती. तो वेटोळी घालत बसला होता. मी त्याच्या शेजारी वाळूत बसलो आणि दोराचं दुसरं टोक मोकळं करून द्यायला लागलो. तोंड समुद्राकडेच ठेवलं.

"माका म्हायत होता," मी म्हणालो.

"काय ता?"

"तुझो हात. त्या बुधवारी, दोरार. मी मागे होतंय."

त्याने वेटोळं पुरं केलं, दुसरं सुरू केलं. ओला दोर वाळू घेऊन येत होता, ती तो अंगठ्याने पुसत होता.

"म्हायत आसा," तो म्हणाला. "म्हणानच मी तुझ्या फुडे उभो रवलंय."

मला कळलं नाही. मी त्याच्याकडे बघितलं.

"सगळो गाव आशेन होतो, दादा. माझ्या तोंडातसून नाय म्हणान कसा येतला? तू बघशीत, इचारशीत म्हणान आठ दिस वाट बघलंय मी."

पलीकडे तांडेल वाटे घालत होता. बायका टोपल्या पुढे सरकवत होत्या, एक पर्यटक फोटो काढत होता. माझ्या हातात दोर होता आणि मी तो सोडला नाही. माफी मागायला तोंड नव्हतं. शेवटी जे दीड वर्षापूर्वी त्याच जागी उभं राहून विचारायचं होतं ते विचारलं.

"दुखता काय रे?"

त्याचा हात थांबला.

"दुखता," तो म्हणाला.